पडद्यावरची मारामारी आणि आईबापांची पंचाईत

वाचकहो, गोष्ट २०२० सालच्या पावसाळ्यातली आहे. टाळेबंदीमुळे शाळांना कुलपे लागली होती आणि गुरुजी फोनवरून शिकवीत होते. माझ्या धाकट्या बहिणीने दोन शेळ्या विकून आपल्या तेरा वर्षांच्या मुलासाठी फोन घेतला. महिनाभराने, ऑगस्टातल्या एका रात्री, तिचा मला फोन आला. म्हणाली, "दादा, शाळेसाठी म्हणून फोन घेतला, आन् हा दिसभर त्यात माणसं मारत बसतोय. बंदुका काय, बाँब काय! पोरगं बिघडंल का रे? तू कालेजात शिकवतोस, तूच सांग."

मी कॉलेजात इतिहास शिकवतो हे खरे. पण तेवढ्याने या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार येतो असे नाही. तरी थोरल्या भावाच्या तोऱ्यात मी सांगून टाकले, "काढून घे आणि ट्रंकेत टाक." तिने तसे केले. परिणाम एवढाच झाला, की भाच्याची आठ दिवसांची शाळा बुडाली, कारण शाळाही त्याच फोनात होती. आणि पोरगे आईशी बोलेनासे झाले. मग मात्र मला शरम वाटली. ज्या वस्तूला आपण कधी हातही लावलेला नाही तिच्यावर निकाल देऊन मोकळे होणे इतिहासाच्या माणसाला शोभत नाही. म्हणून मी शोधू लागलो, की हा प्रश्न आईबापांपुढे यापूर्वी कधी आला होता, आणि तेव्हा कोणी काय केले. जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

मुलांच्या हातातली करमणूक त्यांना बिघडवील ही भीती फार जुनी आहे. आपल्याकडे कादंबऱ्या, तमाशा, सिनेमा यांच्याबद्दल वडीलमंडळी काय बोलत असत ते आपणांस ठाऊकच आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर ही भीती चित्रकथांच्या पुस्तकांना, म्हणजे कॉमिक्सना चिकटली. खून, दरोडे, भुतेखेते यांनी भरलेली ती दहा सेंटांची पुस्तके पोरे अधाशासारखी वाचीत. १९४८ साली काही गावांत शिक्षकांच्या आणि पालकांच्या पुढाकाराने मुलांनी आपापली पुस्तके शाळेच्या आवारात आणून त्यांची होळी केली. युद्धात नुकतीच पुस्तकांची होळी करणाऱ्या राजवटीशी लढून आलेला हा देश, ही गोष्ट त्या वेळीही काहींना खटकली होती.

या मोहिमेचा अध्वर्यू म्हणजे डॉ. फ्रेड्रिक वर्थॅम. हा मनोविकारतज्ज्ञ होता, आणि माणूस वाईट नव्हता हे आधी सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्याने अगदी नाममात्र पैशांत उपचार करणारा दवाखाना चालविला होता. १९५४ साली त्याचे पुस्तक निघाले: मुलांच्या गुन्हेगारीचे मूळ कॉमिक्समध्ये आहे, असा त्याचा दावा. त्याच वर्षी २१ एप्रिलला सेनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. प्रकाशक विल्यम गेन्स याच्यापुढे सेनेटर केफॉव्हर यांनी एक मुखपृष्ठ धरले. त्यावर एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात बाईचे तोडलेले मुंडके घेतलेला माणूस होता. हे अभिरुचीला धरून आहे का, असे विचारता गेन्स म्हणाला, भयकथेच्या मुखपृष्ठाला धरून आहे. मुंडके आणखी वर धरून मानेतून रक्त ठिबकताना दाखविले असते तर मात्र नसते. या एका उत्तराने त्याचा धंदा बसला म्हणावयास हरकत नाही. प्रकाशकांनी घाबरून स्वतःच नियमावली केली आणि भयकथा बाजारातून गेल्या.

या लाटेचे पाणी आपल्या दारापर्यंत आले होते, हे फारसे कोणाला आठवत नाही. ब्रिटनने १९५५ साली कायदा केला, आणि १९५६ साली आपल्या संसदेने तरुणांसाठी अपायकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा संमत केला. त्यात गुन्हे, हिंसा, क्रौर्य आणि किळसवाण्या प्रसंगांच्या चित्रकथा येतात. आणि 'तरुण' कोण, तर वीस वर्षांखालील! आपल्या खेड्यांतून त्या काळी विसाच्या आत लग्न होऊन लेकुरवाळी झालेली माणसे किती असतील, हा विचार करणाऱ्यांनी केला नसावा. असो. पुढे २०१२ साली कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने वर्थॅमचे मूळ कागद तपासून दाखविले, की त्याने मुलांची वये, त्यांच्या तोंडची वाक्ये यांत फेरफार केला होता आणि घरातली मारहाण, व्यसने यांसारखी दुसरी कारणे गाळली होती. आठ वर्षे मी विद्यार्थ्यांना 'साधने तपासा' म्हणून कानी कपाळी ओरडत आलो. इथे एका देशाने साठ वर्षे साधने तपासली नव्हती.

आता खेळांकडे येऊ. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एक्झिडी नावाच्या कंपनीने नाणे टाकून खेळावयाचे एक यंत्र काढले, नाव 'डेथ रेस'. समोर मोटारीचे सुकाणू. काळ्यापांढऱ्या पडद्यावर काड्यापेटीच्या काड्यांसारख्या आकृत्या पळत. त्यांच्या अंगावर गाडी घालावयाची. किंकाळी उठे आणि त्या जागी क्रूस उभा राही. कंपनी म्हणे ती माणसे नव्हेत, भुते आहेत. वर्तमानपत्रांतून गिल्ला झाला, आणि त्यामुळे यंत्राला गिऱ्हाईक वाढले. हा नियम पुढे पुनःपुन्हा दिसतो.

फिलिपिन्समध्ये मार्कोस यांनी १९८१ साली या यंत्रांवर बंदीच घातली. अमेरिकेत १९८२ च्या नोव्हेंबरात सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य आरोग्याधिकारी, डॉ. कूप यांनी एका व्याख्यानानंतर सांगितले, की हे खेळ मुलांना अपायकारक आहेत. आणि दुसऱ्याच दिवशी खुलासा केला, की हे आपले वैयक्तिक मत, त्याला शास्त्रीय पुरावा नाही. बहिणीला मी फोनवर दिलेला सल्ला आठवून या गृहस्थांबद्दल मला आपुलकी वाटते. त्यांनी खुलासा तरी केला.

खरे नाट्य घडले ते १९९३ साली. 'मॉर्टल कॉम्बॅट' नावाचा कुस्तीवजा खेळ आदल्या वर्षी यंत्रांवर आला होता. खऱ्या माणसांची छायाचित्रे घेऊन तो बनविलेला. जिंकणारा हरलेल्याचे काळीज उपटून काढी. १९९३ च्या सप्टेंबरात तो घरी खेळावयाच्या संचांवर आला. तेव्हा या धंद्यात दोन जपानी कंपन्यांची चुरस होती. निन्टेंडोने रक्त काढून त्या जागी राखाडी घाम दाखविला. सेगाने रक्त ठेवले, फक्त गुप्त कळा दाबल्यावर ते दिसे, आणि त्या कळा कोणत्या हे पोरांना आठवड्याभरात पाठ झाले. रक्ताचा खेळ घामाच्या खेळापेक्षा पुष्कळ अधिक खपला. पुढच्या वर्षी दुसरा भाग निघाला तेव्हा निन्टेंडोनेही मुकाट्याने रक्त ठेवले.

आता गंमत पाहा. सेनेटर जोसेफ लीबरमन यांच्या कार्यालयाचे प्रमुख बिल अँड्रेसन यांना एक नऊ वर्षांचा मुलगा होता. तो बापामागे लागला, की मला हा खेळ पाहिजे. बाप साशंक, त्याने लीबरमन यांना सांगितले. दोघांनी खेळ पाहिला आणि हादरले. एका घरातला हट्ट असा वॉशिंग्टनच्या सभागृहात पोचला. ९ डिसेंबर १९९३ रोजी लीबरमन आणि सेनेटर हर्ब कोल यांनी सुनावणी घेतली. लीबरमन यांनी खेळण्यातली पिस्तुलासारखी बंदूक हातात धरून दाखविली. दोन्ही कंपन्यांचे प्रतिनिधी मुलांच्या हितापेक्षा एकमेकांवरच घसरले. 'नाइट ट्रॅप' नावाच्या दुसऱ्या एका खेळाचे तुकडे दाखविण्यात आले. त्यात मुलींवर हल्ला होतो. वास्तविक खेळणाऱ्याचे काम त्या मुलींना वाचविण्याचे होते, पण सुनावणीतून ठसा उलटा उमटला. निन्टेंडोच्या प्रतिनिधीने ठासून सांगितले, की हा खेळ आमच्या संचावर कधीही येणार नाही. २०१८ साली तो त्यांच्याच संचावर आला, आणि कोणी भुवईसुद्धा उंचावली नाही.

सेनेटरांनी धमकी दिली: तुम्ही स्वतः काही व्यवस्था करा, नाहीतर आम्ही कायदा करू. १९९४ साली धंद्याने आपले मंडळ काढले, ईएसआरबी नावाचे. प्रत्येक खेळाच्या डब्यावर अक्षर छापले जाऊ लागले: हा लहानांसाठी, हा तेरा वर्षांवरील, हा सतरांवरील. दुकानदारावर कायद्याची सक्ती नव्हती. सरकारी आयोगाने पुढे मुलांना एकटेच दुकानांत पाठवून पाहिले. २००० साली शंभरांपैकी पंचाऐंशी पोरांना सतरांवरील खेळ विनासायास विकत मिळाला. २०१३ च्या अहवालात हे प्रमाण शंभरांत तेरावर आले होते. कायदा नसताना हे झाले, याची नोंद घ्यावी.

या सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर १९९३ रोजी, 'डूम' नावाचा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात खेळणाराच बंदुकीमागचा डोळा होतो. २० एप्रिल १९९९ ला कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कुलात दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थ्यांना आणि एका शिक्षकाला गोळ्या घालून ठार केले, आणि मग स्वतःलाही. ते दोघे 'डूम' खेळत असत. झाले! साऱ्या देशाला कारण सापडल्यासारखे वाटले. लक्षावधी मुले तोच खेळ खेळून रात्री जेवून झोपत होती, हे दुःखाच्या भरात सांगणार कोण? मृत शिक्षकाच्या आणि काही मुलांच्या कुटुंबीयांनी खेळांच्या कंपन्यांवर दावा लावला. २००२ साली न्यायालयाने तो फेटाळला. त्या आईबापांना हसू नये. त्यांना उत्तर पाहिजे होते, आणि समोर दिसणारी वस्तू तेवढीच होती.

कॅलिफोर्नियाने २००५ साली कायदा केला, की अति हिंसक खेळ अठरा वर्षांखालील मुलांना विकल्यास हजार डॉलरपर्यंत दंड. विधेयक मांडणारे लीलंड यी हे बालमानसशास्त्राचे जाणकार. आणि सही करणारे गव्हर्नर अरनॉल्ड श्वार्झनेगर, ज्यांनी सिनेमात आयुष्यभर बंदुका चालविल्या. (यी यांनाच पुढे २०१६ साली भ्रष्टाचाराच्या खटल्यात पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यात बंदुकांच्या चोरट्या व्यापाराचा विषयही होता. नाटककाराला असे सुचले नसते.) हा कायदा एक दिवसही अमलात आला नाही. २७ जून २०११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो रद्द केला.

हा निकाल शिक्षकांनी अवश्य समजून घेण्याजोगा आहे. न्यायमूर्ती स्केलिया यांनी लिहिले, की मुलांना आपण देतो त्या गोष्टी तरी कुठे सोवळ्या आहेत? ग्रिमच्या परीकथांत पोरे चेटकिणीला भट्टीत जाळतात. होमरच्या काव्यात राक्षसाचा डोळा तापलेल्या दांडक्याने फोडतात. (आपल्या घरी आजी नातवाला सांगते त्या गोष्टींत हिरण्यकशिपूचे पोट फाडले जाते, दुःशासनाचे रक्त प्राशन केले जाते, पण त्या गोष्टींत आजी शेजारी असते, हा फरक मला मोठा वाटतो.) स्केलियांचा दुसरा मुद्दा आईबापांचा. ते म्हणाले, सगळ्याच पालकांना ही बंदी हवी आहे असे नाही. पालकांना काय वाटावे हे सरकारने ठरविणे म्हणजे पालकांना मदत नव्हे. विरोधी न्यायमूर्ती थॉमस यांचे म्हणणे याच्या उलट: पूर्वापार मुलांवर आईबापांचा पूर्ण अधिकार, त्यांना ओलांडून मुलाशी व्यवहार करण्याचा हक्क दुकानदाराला नाही. न्यायमूर्ती ब्रायर यांनी विचारले, की तेरा वर्षांच्या मुलाला उघड्या बाईचे चित्र विकणे गुन्हा, आणि त्याच बाईला बांधून, छळून मारण्याचा खेळ विकणे मोकळे, हे कसले तर्कशास्त्र? माझे मन या प्रश्नापाशी अजून अडते. निकाल स्केलियांचा योग्य वाटतो, आणि प्रश्न ब्रायर यांचा.

आता आपण म्हणाल, न्यायमूर्तींचे राहू द्या, शास्त्र काय म्हणते? शास्त्रज्ञांत पंचवीस-तीस वर्षे भांडण चालले. प्रयोगशाळेत कोणाला हिंसक खेळ खेळावयास देत आणि मग पाहत, की तो दुसऱ्याला किती कर्कश आवाज ऐकवितो किंवा किती तिखट चटणी खाऊ घालतो. तसे मोजले तर थोडा फरक दिसे. पण चटणी जास्त वाढणे म्हणजे खून करणे नव्हे. आपल्याकडे तर तो पाहुणचार ठरेल. २०१९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास केला. खेळ किती हिंसक हे मुलांना न विचारता अधिकृत श्रेणीवरून ठरविले, आणि वागणूक कशी हे पालकांना विचारले. हिंसक खेळ आणि आक्रमक वागणे यांत संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० च्या मार्चात जाहीर केले, की ओरडणे, ढकलाढकली यांसारख्या वागण्याशी लहानसा संबंध दिसतो; पण खऱ्या हिंसाचाराचे खापर खेळांवर फोडण्यास पुरावा पुरेसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१९ साली वेगळ्याच गोष्टीला आजारांच्या यादीत घेतले: खेळ आवरता न येणे, त्यापायी झोप, अभ्यास, माणसे सुटणे. त्या व्याख्येत रक्ताचा उल्लेख नाही. ताबा सुटण्याचा आहे.

आपल्याकडची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या डोळ्यांदेखत घडली. २०१६ च्या सप्टेंबरापासून फोनवरचे इंटरनेट फार स्वस्त झाले, आणि २०१८ साली 'पब्जी' आला. शंभर जण एका बेटावर उतरतात, शेवटी उरेल तो जिंकतो. २०१९ च्या मार्चात राजकोटच्या पोलिसांनी त्यावर बंदी घातली आणि खेळताना सापडलेल्या तरुणांना पकडलेही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात बंदीची मागणी आली ती अकरा वर्षांच्या एका मुलाच्या नावाने, त्याच्या आईमार्फत. आणि २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने एकशे अठरा ॲप्सवर बंदी घातली, त्यांत पब्जी होता. पण कारण दिले ते देशाच्या सुरक्षेचे. चीनशी तंटा चालू होता. मुलांचा त्यात संबंध नव्हता. पुढे २०२१ मध्ये तो नव्या नावाने परतला; रक्ताचा रंग लालऐवजी हिरवा, अठरांखालील मुलांना दिवसाला तीन तास. २०२२ मध्ये पुन्हा हटला, २०२३ मध्ये पुन्हा आला. राखाडी घामापासून हिरव्या रक्तापर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे गेली. युक्ती तीच राहिली.

बंदीच्या दिवशी बहिणीचा फोन आला. "सुटले बाई," म्हणाली. तिसऱ्या दिवशी भाच्याच्या फोनात 'फ्री फायर' होता. तोही त्याच जातीचा.

दिवाळीत मी त्यांच्या गावी गेलो. या खेपेला सल्ला न देता भाच्याशेजारी ओसरीवर बसलो आणि म्हणालो, मला शिकव. पहिल्या मिनिटातच मी मेलो. दुसऱ्या डावातही मेलो. पोरगे खो खो हसत म्हणाले, "मामा, उघड्यावर कशाला पळताय? भिंतीआड बसा की!" पाहतो तर त्याचे चार सवंगडी गावातलेच, शाळा बंद म्हणून भेट नाही, ते त्या खेळातच एकमेकांना हाका मारून गप्पा ठोकीत होते. मारामारी कमी आणि गप्पा जास्त. हे मला सेनेटच्या सुनावणीत सापडले नसते. रात्री दोन वाजेपर्यंत तो गोधडीत फोन घेऊन जागतो, हेही त्याच बैठकीत त्याच्या तोंडून निघाले.

बहीण जवळच सुपात तांदूळ निवडीत ऐकत होती. ती त्याला म्हणाली, "खेळ. पर हितं, माझ्यासमोर, दिवेलागणीला, घंटाभर. रात्री फोन माझ्या उशाला." पोराने तोंड वाकडे केले आणि मान हलविली. मग मी तिला फोनात खेळाचे पान उघडून नावाखालचा वयाचा बारीक आकडा दाखविला. महिनोन्महिने तो तिथेच होता. तिला कोणी दाखविला नव्हता, आणि मला तरी तोवर कुठे ठाऊक होता? तिने फोन दिव्याजवळ धरला. "हा आकडा कुणी घातला, दादा? सरकारनं?"

"नाही," मी म्हणालो. "खेळ बनविणारा एक प्रश्नावली भरतो, त्यावरून निघतो. आणि हे सुरू कसे झाले सांगू? अमेरिकेत एक नऊ वर्षांचा मुलगा होता. तो बापाच्या मागे लागला..."

"मामा," भाचा ओरडला, "गोळ्या लागतायत, आधी भिंतीआड व्हा!"